खोटं घड्याळ

आमच्या चर्चला दोन मनोरे, दोन घड्याळं.
डावं खरं, त्याला मी दर शुक्रवारी किल्ली देतो.
उजवं नुसतं रंगवलेलं,
काटे कायमचे दोन पस्तीसवर.
सैतान आत्मे गोळा करायला येतो तेव्हा
त्याची वेळ चुकावी म्हणून, असं म्हातारे सांगतात.
माल्टात आम्ही सैतानालाही
सरकारी कारकून समजतो:
वेळ टळली की खिडकी बंद.

आज त्या काट्यांना काळा रंग देतोय.
खाऱ्या वाऱ्यानं दोन वर्षांत पोपडे धरतात.
शिडीवरून सगळं दिसतं. चौक,
बँड क्लबचा लाल दरवाजा, गावाबाहेरचं कबरस्तान,
आणि त्याच्या भिंतीपलीकडची चिंचोळी पट्टी,
जिला आम्ही उकिरडा म्हणतो.
विस्टिनकाका तिथे आहे.

गोदीत बॉयलर जोडायचा. भिवया कायम जळलेल्या.
बिशपांनी मना केलेलं पक्षाचं वर्तमानपत्र
भर चौकात बसून वाचायचा,
ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोठ्यानं.
महापाप, दुन एव्जेन म्हणाले.
शेवटच्या आजारात उशाशी बसून म्हणाले,
विस्टिन, एकच शब्द. 'चुकलं' म्हण.
काका म्हणाला, फादर, आगीची भीती मला नका घालू,
तीस वर्षं तिनंच जेवू घातलंय.
मग खोकला आला. मग आणखी काहीतरी म्हणाला,
ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

मी सहा वर्षांचा होतो.
घंटा वाजली नाही, एवढंच आठवतं,
आणि जूझाकाकू दारात,
ती वाजेल म्हणून उभी.

नरक आहे. हे मी शिकलो, पुढे पोरांना शिकवलं.
आहे, आणि कायमचा आहे.
देव कुणाला ढकलत नाही,
माणूसच पाठ फिरवतो आणि फिरवलेलीच ठेवतो.
यात मला खोट काढता येत नाही.
वेढ्याच्या वर्षी पिठात खडू मिसळून विकणारा तुमास
भिंतीच्या आत, संगमरवरी देवदूताखाली झोपलाय.
त्याला शेवटचा शब्द साधला.
त्याच्याकडे बघितलं की वाटतं, नरक असावा.
उकिरड्याकडे बघितलं की वाटतं, नसावा.
एवढाच माझा धर्मशास्त्राचा अभ्यास.

नवे फादर पेस्टिझी खाता खाता म्हणाले,
चर्चनं कितीजणांना नावानिशी स्वर्गात बसवलं,
पण नरकातलं एकही नाव आजवर जाहीर केलेलं नाही.
मी तस्साच धावत गेलो.
जूझाकाकू, आता एक्याण्णव, बाकल्याच्या शेंगा सोलत होती.
यादी कोरी आहे, काकू, म्हटलं. अगदी कोरी.
तिनं एक शेंग सोलली. दुसरी सोलली.
म्हणाली, मग तेव्हा घंटा का नाही वाजवली?

तेव्हापासून विश्वासांगीकार म्हणताना
'अधोलोकात उतरला' इथे माझी जीभ अडते.
उतरला, बरं.
पण वर येताना दार नुसतं लोटून आला,
की कडी घालून?
हे विचारायला मी अजून कुमसाराला गेलेलो नाही.
विचारणं हे पाप की प्रश्न, तेही ठरत नाही.

भिंतीच्या फटींतून केपरची झुडपं फुटलीत,
मुळं कुठल्या बाजूची, सांगता येत नाही.

मोठा काटा झाला. छोटा राहिलाय.
रंगवलेल्या घड्याळाला फसणारा सैतान
इतका भोळा असेल, तर त्याला भ्यायचं कशाला?
आणि तो नसेलच,
तर या वयात पंचेचाळीस पायऱ्या आणि एक शिडी चढून
मी कुणाला फसवतोय?

डाव्या मनोऱ्यात पावणेतीनचे ठोके पडले.
म्हणजे मघाशी, दहा मिनिटांपूर्वी,
दोन्ही घड्याळं एकच सांगत होती,
आणि मी खाली मान घालून
टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होतो.